सुईवरचे पहिले टाके

मराठीतला विणकामाचा कुठलाही नमुना उघडून बघा. वर लोकर किती लागेल ते, सुयांचा नंबर, छातीचे आणि बाहीचे माप. त्याखाली पहिली सूचना साधारण अशी: दहा नंबरच्या सुईवर ९६ टाके घाला. लगेच पुढे एक सुलट, एक उलट अशी पट्टी सुरू होते. टाके कसे घालायचे, दोऱ्याचे शेपूट किती सोडायचे, हात सैल ठेवायचा की आवळून, आणि मुळात ९६च का, यावर एक अक्षर नसते. नमुना लिहिणारीने धरून चाललेले असते की एवढे तर कुणालाही येते.

प्रत्यक्षात हेच पुष्कळांना येत नाही, आणि त्याचे कारण आपल्या शिकवण्याच्या रीतीत आहे. घरात विणकाम शिकवताना आई, मावशी किंवा आजी आधी स्वतः वीस-पंचवीस टाके घालून देते, एक-दोन ओळी विणूनही देते आणि मग सुया मुलीच्या हातात ठेवते. हेतू चांगलाच असतो. टाके घालणे किचकट, त्यात पोरगी कंटाळली तर पुढे शिकणार नाही. मग सुलट येते, उलट येते, जाळी येते, वेणी येते. पण नवे काम धरायची वेळ आली की "तेवढे टाके घालून दे गं" म्हणत सुया घेऊन शेजारी जावे लागते. छत्रपती संभाजीनगरात विणकाम शिकायला येणाऱ्यांत अशा अर्धशिक्षित हातांच्या बायका मला सतत भेटत आल्या आहेत. त्यांच्या हाताला वळण उत्तम असते, त्यांना फक्त सुरुवात येत नसते. आता काही पुरुषही शिकायला येतात. त्यांना घरी कुणी टाके घालून दिलेले नसतात, म्हणून ते या बाबतीत एक पाऊल पुढेच असतात.

हे पुस्तक या एकाच गोष्टीसाठी लिहिले आहे. यात स्वेटरचे नमुने नाहीत, फुलांच्या आणि पानांच्या जाळ्या नाहीत. रिकाम्या सुईवर पहिले टाके कसे आणि किती घालायचे, एवढाच विषय आहे. एवढ्याशा विषयावर आख्खे पुस्तक कशाला, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर देण्यासाठी ही प्रस्तावना.

विणलेले कापड उसवते ते शेवटाकडून. टाके बंद केलेला काठ सोडवला, दोरा ओढला, की एकेक सुई सरसर सुटत जाते. त्यामुळे विणणाऱ्याला मधली बहुतेक चूक परवडते. चार सुया उसवायच्या आणि पुन्हा विणायच्या. सुरुवातीकडून मात्र कापड असे उसवत नाही. पहिल्या ओळीतला प्रत्येक फास वरच्या टाक्याने अडवलेला असतो. तिथून सोडवायचे तर दोऱ्याचे टोक दर टाक्यातून ओढून काढावे लागते. म्हणून पहिली ओळ घट्ट झाली आणि ते स्वेटर पुरे झाल्यावर ध्यानात आले, तर दोनच वाटा उरतात. सगळा स्वेटर उसवायचा, किंवा काठाच्या वरच्या ओळीतला एक टाका कात्रीने कापायचा, सुटलेले फास सुईवर उचलायचे आणि खालच्या दिशेने नवी पट्टी विणायची. दुसरी वाट पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दिली आहे, पण कात्री हातात घेताना अनुभवी माणसाचाही श्वास अडकतो. सगळ्या विणकामात सहजी दुरुस्त न होणारी अशी ही एकच ओळ, आणि तीच आपण कुणाकडून तरी घालून घेतो किंवा घाईत उरकतो.

या शहराला कापडाच्या सुरुवातीचे महत्त्व सांगायची खरे तर गरज नसावी. इथला हिमरू आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणची पैठणी, दोन्हींमध्ये विणण्याआधीच्या तयारीला मोठा मान आहे. हिमरूत सुती ताणा आणि त्यावर रेशमाची नक्षी. दौलताबादला राजधानी हलली त्या तुघलकी काळाशी त्याची परंपरा जोडली जाते, आणि पुढे निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवान्यांना प्रतिष्ठा होती. पैठणीत ताणाही रेशमाचा, आणि पदरावरचे मोर, कमळे, मुनिया बाण्याचे रंगीत धागे हाताने गुंतवून उठवलेले. मागावर एक वस्त्र संपले की विणकर ताण्याचे सगळे धागे काढून टाकत नाही. जुन्या ताण्याची टोके फणीत तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडत जातो. हीच सांधणी. शेकडो धागे फणीतून नव्याने ओवण्यापेक्षा हे सोपे, तरी बसून करायचे, डोळ्यांत तेल घालून करायचे काम. एकही धागा इकडचा तिकडे झाला तर पूर्ण लांबीभर दिसतो.

सुयांवरच्या विणकामाचा वेगळेपणा इथेच कळतो. मागावर आधीच्या वस्त्राचे शेपूट पुढच्याला मिळते. सुईवर मिळत नाही. प्रत्येक मोजा, प्रत्येक टोपडे शून्यातून उभे करायचे असते. मागावर पन्हा आणि लांबी दोन्ही ताणा लावतानाच ठरतात. सुईवर फक्त रुंदी ठरते, लांबी विणता विणता वाढवता येते आणि टाके वाढवून-कमी करून रुंदीही पुढे बदलता येते. म्हणजे स्वातंत्र्य जास्त. पण मागावरच्या कापडाच्या काठाला ताणावे लागत नाही, आणि विणलेल्या वस्तूचा काठ जन्मभर ताणला जाणार असतो. मोज्याच्या तोंडातून टाच जायची असते, टोपड्यातून डोके जायचे असते. पहिल्या ओळीने रुंदी धरून ठेवायची आणि वेळ आली की सोडायचीही. हे दुहेरी काम मागाच्या ताण्याला कधीच करावे लागत नाही.

सुयांचे विणकाम आपल्याकडचे जुने नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या आणि अंगरखे घातलेले परदेशी पाहुणे रंगवलेले आहेत, त्यांच्या पायांत पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्यांसारखे काही दिसते. ते कशाचे बनले असेल हे चित्रावरून ठरवता येणार नाही. पण त्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास, दोन सुयांचे विणकाम कुठे होत असल्याचा पुरावा नाही. इजिप्तमध्ये रोमन काळातले लोकरी मोजे सापडले आहेत. अंगठा वेगळा केलेला असा एक लाल जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दिसायला ते अगदी सुयांवर विणल्यासारखे, पण केलेले आहेत एकाच नेढ्याच्या सुईने, दोऱ्याचे पूर्ण टोक दर वेळी फासातून ओढून घेत. त्या पद्धतीत सुईवर टाके जिवंत राहतच नाहीत. एक फास पुरा झाला की तो पक्का, म्हणून त्यात टाके घालायचा प्रश्नही नाही.

टाके घालण्याची गरज पडली ती टाके सुईवर उघडे ठेवायची युक्ती सापडल्यावर. तशा विणकामाचे जुने नमुनेही इजिप्तमधलेच, अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे. सुती मोजे, पांढरे आणि निळे, त्यांवर अरबी अक्षरांची नक्षी. त्यांतले काही पंजाच्या टोकाकडून सुरू केलेले आहेत. मोजा टोकाकडून सुरू करणे आज शिकतानाही अवघड वाटते, कारण तिथे काठ असून चालत नाही. पंजाच्या टोकाला शिवण किंवा जाड कड आली की बुटात बोटाला टोचते. म्हणजे विणकामाच्या पहिल्या शतकांतच कारागिरांनी काठ नसलेली सुरुवात शोधून काढली होती. नंतर हा हुन्नर युरोपात पसरला. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र बनवले, आणि हाताच्या विणकामाला तेव्हापासून यंत्राशी जोडी जमवावी लागली.

आपल्याकडे सुया आल्या त्या इंग्रजी अमलात. लोकरही बाहेरचीच. मराठवाड्यात मेंढ्या आहेत, धनगर आहेत, घोंगडी आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती घोंगडीला उत्तम, चिंचोक्याची खळ खाऊन पावसालाही दाद देत नाही. बाळाच्या कानाला मात्र ती लावता येत नाही. विणकामाची मऊ लोकर उत्तरेतून येई. कानपूरची लाल इमली १८७६ ची, पंजाबात धारिवालची गिरणी १८८० ची. पुढे लुधियानाच्या गिरण्यांचे गुंडे सगळ्या देशभर पोचले. आज गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या दुकानांत जी रंगीबेरंगी लोकर मिळते तिच्यात बहुतेक ॲक्रिलिकच असते. लोक तिला लोकरच म्हणतात आणि या पुस्तकातही तसेच म्हटले आहे.

याच शहरात १८८९ मध्ये कापसाची सूतगिरणी उभी राहिली होती आणि गोदाखोऱ्यातला निजामाचा लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाल्यावर जिनिंगचे कारखाने वाढले. भोवतालचा मुलूख कापसाचा, आणि हातात ॲक्रिलिक. सुती धाग्याने विणायला हरकत काय, असे कुणी विचारले की उत्तर पहिल्या ओळीपाशी येऊन थांबते. लोकर ताणली तर मागे येते, ॲक्रिलिकही बऱ्यापैकी येते. सूत ताणले की सैल होऊन बसते. म्हणून सुती टोपड्याचा काठ लोकरीच्या हिशेबाने घातला तर चार धुण्यांत गळून भुवयांवर येतो. सुतासाठी टाके थोडे कमी घालायचे, सुई एक-दोन नंबर बारीक घ्यायची, आणि पद्धतही वेगळी निवडायची. आपल्या हवेला सूत जास्त सोसते हे उघड असल्याने या पुस्तकात प्रत्येक पद्धतीचा सुती धाग्यावरचा परिणाम वेगळा नोंदवला आहे.

आपली थंडी दीड-दोन महिन्यांची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी बारा वाजता स्वेटर कमरेला बांधावा लागतो. मग इथे विणकाम टिकले कशावर? बहुतांशी बाळंतविड्यावर. टोपडे, झबले, मोजे, स्वेटर आणि दुपटे हा संच सातव्या महिन्यापासून घरोघरी सुरू होतो, आणि बाळ लहान असल्याने आठवड्याभरात एखादी वस्तू हातावेगळी होते. मोठ्यांसाठी मोठ्या संख्येने स्वेटर विणले गेले ते १९६२ च्या हिवाळ्यात. चीनशी युद्ध पेटले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणायला घेतले. ज्यांनी तोवर फक्त टोपडी विणली होती त्यांच्या सुईवर एकदम दुप्पट-तिप्पट टाके आले. बाळाच्या काठात जी घट्टाई खपून जाते ती दणकट मनगटाच्या काठात खपत नाही.

मोजणीकडे वळू. टाके किती घालायचे हे नमुन्यातून उचलायची सवय मोडावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. नमुना लिहिणारीचा हात आणि तुमचा हात एक नसतो. आधी त्याच लोकरीने, त्याच सुयांनी तळहाताहून थोडा मोठा चौकोन विणा, धुवा, वाळू द्या, आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २८ बसले. बाळाची छाती ४४ सेंटिमीटर, मोकळीक ६, म्हणजे घेर ५० सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला २.८ या हिशेबाने १४० टाके. पुढचा भाग निम्मा, ७०. शिवणीत जाणारे दोन मिळवून ७२. एक सुलट-एक उलट पट्टी दोन्ही कडांना सारखी संपवायची तर संख्या विषम हवी, म्हणून ७३. झाले तुमचे उत्तर. हाच हिशेब हात थोडा सैल असेल तर काय होतो तेही बघा. १० सेंटिमीटरमध्ये २८ ऐवजी २६ बसत असतील आणि तरी तुम्ही नमुन्याचे १४० घातले, तर घेर जवळजवळ ५४ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर पुढच्या हिवाळ्याच्या मापाचा.

या विचाराला शिस्त लावली ती एलिझाबेथ झिमरमन यांनी. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या या बाईंनी अंगाच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के असे धरून बाही, मनगट, गळा यांचे टाके त्याच्या टक्क्यांत काढायची रीत लोकप्रिय केली. १९७१ मध्ये निघालेले त्यांचे 'निटिंग विदाउट टिअर्स' अजून वाचले जाते. नमुन्याची गुलामी नको, मोजा आणि गुणा, एवढाच त्यांचा सांगावा होता. आपल्याकडच्या जुन्या हातांना हे टक्के माहीत नव्हते, पण वीत आणि चार बोटे लावून त्या असाच हिशेब करत.

आता पद्धती. पुस्तकात त्या सोप्यापासून अवघडापर्यंत न देता कामाप्रमाणे दिल्या आहेत, कारण काठाला काय काम करायचे आहे ते ठरल्याशिवाय पद्धत निवडता येत नाही. सर्वांत जास्त वापरली जाते ती अंगठ्यावरची: एक लांब शेपूट सोडायचे, सरकगाठ सुईवर घ्यायची, शेपटाचा फास डाव्या अंगठ्यावर आणि गुंड्याचा दोरा त्यातून ओढायचा. यात शेपटाच्या दोऱ्याने पायथा बनतो आणि गुंड्याच्या दोऱ्याने टाके, म्हणजे घालतानाच एक सुई विणून होते. काठ नीटस येतो, बेताचा ताणतो, स्वेटरच्या घेराला अगदी योग्य. त्याची एकच कटकट म्हणजे शेपूट. शेवटच्या दहा टाक्यांना दोरा संपतो आणि सगळे काढावे लागते. होणाऱ्या रुंदीच्या तिप्पट-साडेतीनपट दोरा सोडा, किंवा सुईभोवती दहा वेढे घेऊन तो दोरा मोजा आणि त्या प्रमाणात सोडा. टाके दोनशेच्या वर असतील तर दोन गुंड्यांची टोके एकत्र गाठ मारून एकाचे शेपूट, दुसऱ्याचे टाके करा. दोरा कधीच संपणार नाही.

अंगठ्याने नुसता पीळ देऊन सुईवर चढवलेला एकेरी फास सगळ्यांत सोपा, म्हणून मुलांना आधी तोच शिकवतात. सुरुवातीला तो वापरू नये असे माझे मत आहे. पहिली सुई विणताना फासांमधला दोरा लांबत जातो आणि कड लोंबते. पण कामाच्या मध्येच टाके वाढवायचे असतील, अंगासकट एकसंध बाह्यांचे झबले विणताना दोन्ही बाजूंना बाहीचे टाके घ्यायचे असतील, तर याच्यासारखा हाताशी दुसरा उपाय नाही. विणून घातलेल्या टाक्यांना शेपूट लागत नाही. आधीच्या टाक्यातून नवा ओढायचा आणि डाव्या सुईवर ठेवायचा. तोच टाका दोन टाक्यांच्या मधल्या जागेतून ओढला की दोरीसारखा भक्कम काठ होतो. तो ताणत नाही, म्हणून पिशवीच्या तोंडाला आणि काजाच्या वरच्या कडेला घ्यावा, मोज्याच्या तोंडाला कधीही नाही.

पुढे तात्पुरते टाके येतात. वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत सुती दोऱ्याची क्रोशाची साखळी करायची, तिच्या पाठीवरच्या उंचवट्यांतून टाके उचलायचे आणि विणायला लागायचे. नंतर साखळी उसवली की खालचे फास जिवंत हाताशी येतात आणि उलट्या दिशेने विणता येतात. सुरुवात दुरुस्त होत नाही हा नियम मोडणारी ही एकमेव पद्धत, म्हणून तिला एक आख्खे प्रकरण दिले आहे. मुलाची उंची किती वाढेल याचा भरवसा नसेल तर स्वेटरची खालची पट्टी अशीच शेवटी विणावी. फक्त एक ध्यानात असू द्या: उलट्या दिशेने फास उचलले की नक्षी अर्ध्या टाक्याने सरकते आणि एक टाका कमी भरतो. साध्या विणीत हे कुणाला दिसत नाही, पट्टीत आणि वेणीत दिसते.

काठ नसलेली सुरुवात सर्वांत शेवटी ठेवली आहे. दोन सुया एकत्र धरून त्यांभोवती दोऱ्याचे वेढे घ्यायचे आणि दोन्ही बाजूंनी विणायचे, ही मोज्याच्या पंजाची जुनी युक्ती. २००६ मध्ये ज्युडी बेकर या अमेरिकन विणकर बाईंनी तिची एक सुधारलेली रीत 'निटी' या इंटरनेट-मासिकात मांडली आणि काही वर्षांत ती जगभर पसरली. शेकडो वर्षे हातात असलेल्या कामातही सुरुवात करायची नवी पद्धत कुणाला तरी आपल्याच काळात सुचू शकते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

घरोघरी दिला जाणारा एक सल्ला इथे तपासून घेतला पाहिजे. टाके घट्ट होतात? मग दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाल, नंतर एक काढून घे. सल्ला निम्मा खरा आहे. दोन सुयांवर घातल्याने पहिल्या ओळीचे फास मोठे होतात आणि पहिली सुई विणायला सोपी जाते. पण काठ किती ताणेल हे फासांच्या उंचीवर अवलंबून नसते, दोन टाक्यांच्या पायथ्यात दोरा किती आहे त्यावर असते. टाके जाड सुईवर घातले, पण एकमेकांना चिकटवून घातले, तर काठ तसाच आवळलेला राहतो, वर पहिली ओळ मात्र लांब आणि भोकाभोकांची दिसते. खरा उपाय असा की सुई एकच घ्या, आणि प्रत्येक टाका घातल्यावर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे टोक त्याच्या शेजारी टेकवून पुढचा टाका त्या पलीकडे बसवा. अंतर ठेवले की काठ आपोआप सैल येतो.

परिभाषेविषयी थोडे. सुलट, उलट, जाळी, पट्टी हे शब्द घरातले आहेत तसेच ठेवले. विणलेल्या एका ओळीला जुन्या पद्धतीने 'सुई' म्हटले आहे, साधन असलेल्या सुईशी गोंधळ होईल तिथे 'ओळ'. सुयांचे नंबर आपल्या बाजारातले आहेत. या जुन्या ब्रिटिश मोजणीत नंबर मोठा तशी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १४ म्हणजे २. परदेशी नमुने मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून दोन्ही आकडे शेजारी छापले आहेत. डावखुऱ्यांसाठी प्रत्येक आकृती उलटी करून पुन्हा दिली आहे. त्यांना आजवर आरशासमोर बसवून शिकवले जाई.

हल्ली मोबाइलवर प्रत्येक पद्धतीची चित्रफीत मिळते, मग छापील पुस्तक कोण बघणार, असा प्रश्न छपाईला देण्याआधीच विचारला गेला. चित्रफितीतला हात कसा हलतो ते उत्तम कळते. कोणता काठ कशासाठी, सुताला काय चालेल, बाळाचे डोके कशातून जाईल, हे तिथे क्वचित सांगितलेले असते. हात बघायला मोबाइल घ्या, निवड करायला पुस्तक घ्या. ज्या आज्यांनी आणि मावश्यांनी आपापल्या जुन्या टोपड्यांचे काठ उलटून-पालटून बघू दिले, प्रसंगी उसवूही दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यापैकी कित्येकींना आपण वापरतो त्या पद्धतीला काही नाव असते हेही माहीत नव्हते.

पुस्तक वाचण्याआधी एक काम करा. एकाच लोकरीने, एकाच सुईवर चार वेगवेगळ्या पद्धतींनी वीस-वीस टाके घाला आणि प्रत्येकावर सहा-सहा सुया साध्या विणा. धुवून वाळल्यावर प्रत्येक तुकड्याचा काठ पट्टीवर धरून ताणा आणि किती सेंटिमीटर जातो ते तुकड्यालाच चिठ्ठी टाचून लिहून ठेवा. जो सर्वांत जास्त ताणला तो मोज्यासाठी आणि टोपड्यासाठी. जो ताणलाच नाही तो पिशवीसाठी. मधले दोन स्वेटरसाठी. तुमच्या हाताचे हे चार आकडे कुठल्याही नमुन्यात छापलेले नसतात. ते मिळाले की टाके घालून घ्यायला शेजारी जायची गरज उरत नाही.

छत्रपती संभाजीनगर